साच्यापुढचे दोन खळगे

बंद पडलेल्या गिरणीत आता दुकानं होणार आहेत. त्याआधी तिची मापं नोंदवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जायचं त्या लांबलचक दालनात, साचे कधीच भंगारात गेलेले. फरशीवर मात्र ओळीनं खळग्यांच्या जोड्या होत्या. मी नकाशावर लिहिलं, ‘फरशी खराब, बदलावी.’

जागा दाखवायला आलेले विठोबाकाका इथले जुने विणकर. त्यांनी चपला काढल्या आणि एका जोडीत पाय ठेवले. पाय नेमके बसले.

“हा डावा जास्त खोल कसा?” मी विचारलं.

“धागा तुटला की वाकून जोडायचा. सगळा भार डाव्या पायावर. माझ्याआधी वडील इथंच उभे असायचे.”

नुसत्या उभं राहण्यानं दगड झिजला होता. देवळाची झिजलेली पायरी दिसली की आपला हात आपोआप कपाळाला जातो. इथं मी ‘खराब’ लिहून मोकळा झालो होतो.

मी ते शब्द खोडले. मग लक्षात आलं, सकाळपासून मी इथं बूट घालून फिरतोय.