घोंगडी बाहेर राहणार नाही

आज पेटीतून घोंगडी काढली आणि खोलीभर मेंढराच्या लोकरीचा उग्र वास पसरला. लेक खोकतेय. पातळ स्वेटरनं तिची थंडी भागत नाही, आणि शाळेचा निरोप आलाय की गणवेशाच्या स्वेटरवर दुसरं काही चालणार नाही.

त्या वासानं मला थेट लिंबागणेशजवळच्या आमच्या शाळेत नेऊन बसवलं. हिवाळ्याची सकाळ होती, खालची फरशी गारठलेली. घरात स्वेटर नव्हताच. मी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली होती.

"वास येतोय. बाहेर ठेव ती," गुरुजी म्हणाले. मी ठेवली आणि नाक ओढत, कुडकुडत बसले.

तेवढ्यात आई मेंढरं घेऊन शाळेवरून रानाकडं निघाली. दाराबाहेर पडलेली घोंगडी तिनं ओळखली.

"गुरुजी, लेकराचं नाक गळायलंय. सर्दी छातीत उतरली तर तुमी निस्तरणार का?"

"अहो बाई, वर्गात वास येतो."

"मंग आमी समदेच बाहेर बसतो."

तिनं मला बाहेर नेऊन घोंगडीत गुंडाळलं आणि सगळी मेंढरं शाळेच्या अंगणात घातली. असा कालवा उठला की गुरुजींचा पाढा गुरुजींनाच ऐकू येईना. शेवटी त्यांनी हात जोडले आणि मी घोंगडीसकट आत गेले.

तेव्हा लाजेनं माझी मान वर होत नव्हती. आज लेकीला त्याच घोंगडीत गुंडाळून मी तिच्या शाळेच्या फाटकाशी उभी आहे. मेंढरं कधीच विकली. कालवा करायला मी एकटी पुरेशी आहे.