बदकांच्याच पेशी

कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने तीनदा धुवायच्या, यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायच्या, वरचं पाणी टाकायचं. इतकी वर्षं मी हेच करतेय. घरी भांडी, इथे पेशी. शहापूर-मुरबाडकडे कोंबड्या मरायला लागल्या की आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग लागतो आणि माझ्या कंबरेचा काटा ढिला होतो.

त्या वर्षी किन्हवलीकडच्या एका मावशीच्या बदकांचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, आलं. शेजारची पोल्ट्री बर्ड फ्लूने गेली होती. बदकं मात्र ठणठणीत. बदकाचं हेच वाईट, रोग अंगात घेऊन ते मजेत पोहत राहतं.

चाचणी तशी सोपी. सीरममध्ये मारलेला विषाणू घालायचा, मग तांबड्या पेशी. रोगाच्या अँटीबॉडी असतील तर पेशी प्लास्टिकच्या ताटलीतल्या खळग्याच्या तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. नसतील तर विषाणू त्यांना एकमेकींना चिकटवतो आणि टिकली बसतच नाही. पण बदकाचं सीरम कोंबडीच्या पेशींना आपणहूनच चिकटवून टाकतं. विषाणू न घातलेल्या खळग्यातही टिकली दिसेना, तेव्हा मी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "लिहा, वाचता आलं नाही. सोडून द्या."

सोडून दिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण माझा मेलीचा स्वभाव तसा नाही. बदकाच्या सीरमला बदकाच्याच पेशी घ्याव्यात हे मला ठाऊक होतं, आणि दुसरी बदकं जवळपास नव्हती. पशुवैद्यांच्या जीपमधून मी स्वतःच मावशीकडे गेले.

"माझी बदकं बरी हायत गो. खातात, पितात. परत कशाला टोचतेस?"

"मावशी, त्यांच्याच रक्ताने तपासलं म्हणजे खरं काय ते कळेल."

खरं ते चांगलंच निघेल, असं तिला वाटलं असावं. तिने एकेक बदक मांडीवर घेतलं, पंख उचलून धरला, आणि निघताना मला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी विषाणू घातलेल्या खळग्याखळग्यातही टिकल्या बसल्या. सुबक, गोल. पुन्हा लावून पाहिलं, तेच. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत घशातले स्वॅब गेले, तिथे विषाणूच सापडला.

माझं बरोबर निघालं. बरोबर निघाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. गावातल्या बाकीच्या कोंबड्यांसाठी ही बदकं जायलाच हवीत, असं मी दिवसभर स्वतःला समजावत होते.

न्यायला पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, तेव्हा मीही होते. बदकं बिचकून भातखाचरात पळाली. चिखलात सगळे दमले, एकही हाती लागेना. शेवटी मावशी बांधावर येऊन म्हणाली, "तुमी व्हा बाजूला." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. रोज संध्याकाळी मारायची तशी तिने हाक मारली, आणि सगळी बदकं तिच्या पायाशी आली.