बाबांचं विमान

निवृत्तीनंतर बाबांना विमान चालवायच्या व्हिडिओ गेमचा नाद लागलाय. पडद्यावर होकायंत्र आहे, नकाशा आहे. बाबा तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. कृष्णेच्या कडेकडेनं उडत राहतात. "कराडला कोयना भेटली की उजवीकडे वळायचं," म्हणतात. मी आधी वैतागायचो. आता वाटतं, आपण कुठे आहोत हे यंत्र सांगेलही. जायचं कुठे, हे त्याला कोण सांगणार?

तीस वर्षांपूर्वी सोडलेलं आमचं गाव काल पडद्यावर आलं. गाव कसलं, नुसता हिरवा ठिपका! बाबांनी विमान पार खाली आणलं. तेवढ्यात आई कणकेच्या हातांनी धावत आली. "अहो, वर घ्या! अंगणात पापड वाळत घातलेत!"

मी खो-खो हसलो. बाबांनी मात्र मुकाट्यानं विमान वर घेतलं.