मावसबहिणीचं सुतक

खोटं बोलायचं ठरवून आम्ही दोघी त्या घरात गेलो नव्हतो. चेन्नईत त्याआधी सात घरमालकांनी आम्हाला नाकारलं होतं. एका ठिकाणी मुलींना देत नाही म्हणाले, दुसरीकडे मुलींना देतो पण मुलींचे मित्र येतात म्हणून देत नाही म्हणाले. ती इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होती आणि मी सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तांबरम दोघींनाही सारखंच गैरसोयीचं होतं, म्हणून तांबरम ठरलं. एका गल्लीत बंगलीवजा घरावर पाटी होती, वरचा पोर्शन देणे आहे, फक्त फॅमिलीला. पाटीकडे बघत आम्ही आपसात मराठीत कुजबुजलो आणि आतून एक म्हातारी बाई जवळजवळ धावत बाहेर आली.

ती तंजावरच्या मराठी घरातली. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचं मराठी मला आधी नीट कळेना. शब्द ओळखीचे, पण पोथीतून उठून आल्यासारखे, आणि सूर थेट तमिळ. आमचं मराठी ऐकून मात्र तिचा चेहरा असा फुलला की आता घर मिळालंच असं मला वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, "कां गे, तुम्ही एकमेकींस कोण?"

माझी पाचावर धारण बसली. मी मैत्रिणी म्हणणार होते. माझ्या शेजारून ती माझ्याआधी म्हणाली, मावसबहिणी. चुलत म्हणाली असती तर आडनाव एकच हवं होतं, आणि आमची आडनावं पाटीवर लागणार होती. हे सगळं तिने एका क्षणात केलं. कारखान्यात नट-बोल्ट नाकारण्या-स्वीकारण्याची सवय, तिचं डोकं तसंच चालायचं. म्हातारीने लगेच पुढचं विचारलं, दोघींत थोरली कोण? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. झालं, त्या दिवसापासून मी तिची ताई झाले. वास्तविक ती माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी होती.

म्हातारीला आम्ही मामी म्हणू लागलो, त्या गल्लीत सगळेच म्हणत. मामींच्या समोर ती मला जिन्यातून ओरडून ताई म्हणायची, मुद्दाम, गळा काढून, आणि दार लागलं की पोट धरून हसायची. मी चिडायचे. चिडण्याचा उपयोग नव्हता. त्या एका शब्दावर आम्हाला दोन खोल्या, गच्ची आणि कुणी न ढवळलेली सात वर्षं मिळाली. घरात आम्ही एकमेकींना काहीच म्हणत नसू. अगं म्हटलं की पुरे व्हायचं. आमच्यासाठी मराठीत शब्द नाही याची मला तेव्हा काडीचीही खंत नव्हती.

हे आज लिहिताना मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. आमच्यावर सात वर्षं कुणी संशय घेतला नाही, ते आमच्या हुशारीमुळे नव्हे. दोन बायकांमध्ये असं काही असू शकतं हेच कुणाच्या गावी नव्हतं. आमच्या गल्लीत एक लग्न न झालेलं जोडपं घर बघायला आलं, तर शेजाऱ्यांनी त्यांना दुपारपर्यंत उभंही राहू दिलं नाही. आम्ही एका पलंगावर झोपायचो हे मामींना ठाऊक होतं. दुसऱ्या खोलीत पलंग कशाला, एसीचं बिल वाढेल, असं त्याच म्हणाल्या होत्या. पुरुष नाही म्हणजे काहीच नाही, असा सगळ्यांचा हिशेब. आणि त्या हिशेबातल्या चुकीत आमचा संसार मजेत चालला होता.

आम्ही तिथे राहायला गेल्याच्या पुढच्या वर्षी कोर्टाचा निकाल आला. आमच्यासारख्यांना गुन्हेगार धरणारं कलम गेलं. माझ्या ऑफिसात केक कापला, गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्या सात रंगांच्या झाल्या. मीही केक खाल्ला, टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन तिला सांगताना रडले. ती आनंदली, पण जरा वेळाने म्हणाली, आता लोक बघायला लागतील. मला ते तेव्हा पटलं नाही. पण तसंच झालं. आधी आम्ही समुद्रावर हात धरून चालायचो, कॉलेजच्या पोरी चालतात तशा, आणि कुणी मान वळवून बघत नसे. मग टीव्हीवर चर्चा झाल्या, मालिकांत तसली पात्रं आली, आणि एका रविवारी शेंगदाणे विकणाऱ्या बाईने आमच्या हातांकडे बघून शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. त्यानंतर समुद्रावर ती हात खिशात घालून चालायची. आम्हाला नाव मिळालं आणि आमचा हात सुटला. नाव नको होतं असं मी म्हणत नाही. पण ते देणाऱ्यांनी सोबत राहायला घर दिलं नाही, एवढं मला दिसलं.

ऑफिसात एक फॉर्म होता. जोडीदाराचं नाव नोंदवा, बाई असो की पुरुष, विमा मिळेल. मी तो तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. माझ्या मॅनेजरला तो दिसला असता, मॅनेजरची बायको माझ्या गावची होती, आणि गावाहून आईचा फोन यायला एक दिवस पुरला असता. तो फॉर्म भरायला जे धैर्य लागतं ते पट्टीबरोबर वाटत नाहीत. ती म्हणायची, राहू दे गं, आपल्याला काय धाड भरली आहे.

तिला डेंग्यू झाला. आमच्या गल्लीत त्या महिन्यात बऱ्याच जणांना झाला होता आणि सगळे आठवड्यात उठून कामाला लागले होते. तीही तिसऱ्या दिवशी, ताप उतरला म्हणून, कारखान्याची बस पकडायची म्हणत होती. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? माझ्या तोंडून आपोआप बहीण निघालं, आणि त्या शब्दावर मला अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं सोडू लागले. डॉक्टरांनी आणि नर्सनी करायचं ते सगळं केलं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तिचा भाऊ इचलकरंजीहून आला. त्याच्या लेखी मी रूममेट. त्यामुळे तो आल्यावर दहा मिनिटं त्याची झाली आणि मी दाराच्या काचेपाशी. शेवटच्या संध्याकाळी त्याने स्वतःच मला आत नेलं, चांगला माणूस होता तो. पलंगाच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी, पायाशी नर्स. तिने डोळे उघडले, आधी भावाकडे पाहिलं, मग नर्सकडे, मग माझ्याकडे. तिच्या डोक्यात कुणासमोर मी कोण याची जुळवाजुळव चालली आहे हे मला दिसलं. ती म्हणाली, "ताई, तू घरी जाऊन जेव." माझ्याशी ती बोललेलं हे शेवटचं. पहाटे ती गेली.

बायका स्मशानात येत नाहीत, असं तिच्या भावाने मला समजावून सांगितलं. इथेही येत नाहीत, तिथेही येत नाहीत. मी तांबरमच्या घरी परत आले. मामींनी मला दारातच थांबवलं, डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, आणि माझ्याबरोबर रडल्या. खोटं नाही, मनापासून रडल्या. मी वर गेले आणि पलंगावर तिच्या बाजूला आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वर आल्या. हातात कुंकवाची डबी आणि तेलाची बुधली. त्यांनी फार मायेने सांगितलं, "मावसबहिणीस दीडच दिवस की गे. सुतक फिटलं. न्हाऊन घे, देवास दिवा लाव." त्यांच्याकडे हे सगळं पाठ होतं. भावाला किती, नातवाला किती, मामाला किती, लग्न होऊन गेलेल्या लेकीला किती. मी उठले, न्हाले, दिवा लावला. आतून मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. तिचं सगळं माझ्याजवळ होतं, तिचा चष्मा, तिचे कारखान्याचे बूट, तिने फ्रीजवर लावलेली भाजीची यादी, आणि मला दीड दिवस मिळाला होता. तोही त्या दिवशी पाटीखाली उभं राहून मावस हा शब्द सुचला म्हणून. चुलत सुचला असता तर जास्त मिळाले असते. मी हा विचार खरोखर केला, आणि स्वतःचीच किळस येईपर्यंत करत राहिले.

ऑफिसात तर तेवढेही नव्हते. जवळच्या माणसाच्या निधनाची रजा मागायची तर यादीतून नातं निवडायचं होतं. आई, बाप, भावंड, मूल, नोंदवलेला जोडीदार. खाली इतर. इतर निवडलं की रजा शून्य दाखवायची. मी आजारपणाची रजा टाकली. मॅनेजरने काय झालंय विचारलं, मी ताप म्हटलं.

चौथ्या दिवशी तिचा भाऊ सामान न्यायला आला. मृत्यूचा दाखला, कारखान्याचे कागद, सगळं त्याने एकट्याने उरकलं होतं. संध्याकाळच्या विमानाने अस्थी घेऊन तो जाणार होता. मी तिचे कपडे घडी करून ठेवले होते. त्याने लॅपटॉप घेतला, सर्टिफिकेटांची फाइल घेतली, आणि पलंगावरची गोधडी उचलून म्हणाला, ही आमच्या आईने शिवलेली. मी म्हटलं, हो, न्या. त्या गोधडीत आम्ही दोघी सात वर्षं झोपलो होतो.

तो बॅगा घेऊन जिना उतरत असताना खाली मामी उभ्या होत्या. त्यांनी त्याचं सांत्वन केलं आणि म्हणाल्या, तुमच्या मावशीच्या लेकीने फार सेवा केली हो तिची. मी वरच्या पायरीवर होते. तो थांबला. आपल्याला त्यांचं मराठी समजलं नाही असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं, कोणाच्या? मग तो म्हणाला, आमच्या आईला बहीणच नाही.

दोघांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, तुम्ही रूममेट ना? मी हो म्हटलं. माणूस जाऊन चार दिवस झालेले, तिच्याच भावाने इतकं सरळ विचारलेलं, आणि मी हो म्हटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग खाली मान घालून टॅक्सीत बसला. त्याला काही कळलं का ते मला आजही माहीत नाही. मी त्याला नंतर कधी फोन केला नाही, त्याचाही आला नाही.

मामी सावकाश जिना चढून आल्या. मला वाटलं आता खोटं बोलल्याबद्दल ऐकून घ्यावं लागणार. त्या चिडल्या नव्हत्या. हिशेब चुकल्याने त्या गडबडल्या होत्या. "मावसबहीण नव्हे, तर मग तुला सुतकच नव्हतं की गे," त्या म्हणाल्या. "उगा दीड दिवस धरलंस."

माझ्यात काय झालं सांगता येत नाही. दीड दिवस मी सोसला होता, पण तोही काढून घेतलेला मला सोसवेना. कुठला शब्द वापरावा याचा मी विचार केला नाही. त्यांच्या पाठांतरात जो बसेल असा एकच होता. "बायको होती माझी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे मी मोठ्याने म्हणत होते, आणि ती ऐकायला नव्हती.

मामी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वरून तांबरमच्या हवाई तळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पदराने तोंड पुसलं. त्या मला शिव्या देतील, लोकांना बोलावतील, असं सगळं मनात येऊन गेलं. त्या म्हणाल्या, "बायकोस दहा दिवस. आज चौथा." मग पुढे म्हणाल्या, "दिवा लावू नकोस. अकराव्या दिवशी न्हा. मग घर खाली कर."

मी ते खाली केलं. त्या म्हणाल्या त्याच दिवशी, दुपारी. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्यांनीही मला केलं नसावं.

पण मधले सहा दिवस त्यांनी देवघरात माझी सावली पडू दिली नाही. सकाळ-संध्याकाळ रसमभाताचं ताट वर आणून उंबऱ्याबाहेर ठेवायच्या आणि मी ते उचलायला वाकले की दोन पावलं मागे सरायच्या, मला शिवू नये म्हणून. नवरा गेलेल्या बाईपासून सरतात तसं. मी तिची कोण होते हे तेवढ्या सहा दिवसांत एका माणसाने पाळलं. पाचव्या दिवशीही नाही, सहाव्या दिवशीही नाही, पण सातव्या दिवशी त्या तशा मागे सरल्या तेव्हा मी ताटावर बसून पोटभर रडले.