ज्योतिबाचं नवीन हाडु

यशवंतपुरात पंपाचे सुटे भाग बनवणारी एक पत्र्याची शेड आहे. आत मशीनं अशी केकाटतात, की शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. या सगळ्या कल्लोळाच्या वरताण आवाज काढणारा एक काळा स्पीकर खांबाला टांगलेला आहे आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. ज्याचा वार, त्याचा फोन, त्याची गाणी. शनिवार ज्योतिबाचा.

ज्योतिबा निपाणीकडचा. ड्रिलिंग मशीनवर भोकं पाडता पाडता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेडमध्ये मराठी बोलणारा तो एकटाच, बाकी सगळे कन्नड. आठवडाभर 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत माना डोलवायच्या आणि शनिवारी मात्र अख्ख्या शेडच्या डोक्यावर आपली भाषा ओतायची, हा त्याचा थाट. कुणाला कळो, न कळो.

घोळ एवढाच होता की गाणी तीच होती. त्याच्या लग्नाच्या आधीपासूनची, आणि त्यांचा अर्थही सगळ्यांना सांगून झालेला. शेवटी लेथवरच्या मंजुनाथनं कानात बोटं घातली.

"ज्योती अण्णा, साकु! पुरे! ही बाई दर शनिवारी त्याच विहिरीवर पाण्याला जाते. अजून घागर भरली नाही काय तिची?"

शेड खदखदून हसली.

"पुढच्या शनिवारी होस हाडु," मंजुनाथनं फर्मान काढलं. होस हाडु म्हणजे नवीन गाणं. "नाहीतर शनिवार गुंडूला."

गुंडू पॅकिंगवाला. त्याच्या वारी छताचे पत्रे थरथरतात आणि नटबोल्ट आपोआप सैल होतात. त्याच्या हाती शनिवार? ज्योतिबा घरी आला तोच तणतणत.

"हुडका की मग," बायको शिवलीला शेंगा फोडत म्हणाली. "फोन हाय, नेट हाय. बसल्या जागी मिळतंय सगळं."

ज्योतिबाची बोटं जाड. एका अक्षरावर टेकवली की तीन उमटतात. म्हणून त्यानं माइकचं चित्र दाबलं आणि फोनला पुढाऱ्यासारखं तोंडाजवळ धरून ओरडला, "नवीन हाडु लाव!"

इतकी वर्षं शेडमध्ये 'हाडु, हाडु' ऐकून गाण्याला त्याच्या तोंडात तोच शब्द बसला होता. पण फोनची भाषा शिवलीलानं मराठी करून ठेवलेली. फोननं इमानेइतबारे ऐकलं आणि दाखवलं : 'मोडलेली हाडं लवकर कशी जुळतील?'

"हाडं न्हवं रं, हाडु! हाडु!"

'ठिसूळ हाडांसाठी नाचणी.'

"हाडु!"

"कुत्रं हाकलायलाय का काय?" शिवलीलाला हसू आवरेना. "अवो, गाणं हुडकायला गेलासा आन् हाडं घिऊन आलासा!"

त्यानं चुकून एका नाचणीवर बोट ठेवलं आणि तिथंच तो अडकला. फोनची खात्रीच पटली, की या माणसाच्या हाडांत काही राम उरलेला नाही. उघडला की कंबर, मिटून उघडला की मान. 'खास तुमच्यासाठी' असं लिहून खाली पाठीचा कणा.

मग शिवलीलानं शोधून दिलं. निघालं बख्खळ. न्यू, एकदम न्यू, सुपरहिट न्यू. पहिलं लावलं तर तीच बाई, तीच विहीर, मागं फक्त ढोल बडवलेला.

"डीजे लावून धाडलीया हिला पाण्याला!" ज्योतिबा कडाडला.

तेवढ्यात जाहिरात. "आपण स्वप्नातलं घर शोधताय?"

"न्हाई!"

"इलेक्ट्रॉनिक सिटीपासून अगदी जवळ..."

"गप बस की गं बाई! हाडु हुडकतोय मी, हाडु!"

सगळा आठवडा असाच गेला. भाकरी निवायची, हा फोनशी भांडत बसलेला. शुक्रवारी संध्याकाळी मात्र अचानक फोनमध्ये एक पोरगा भेटला. पिवळ्या फाटकावर बसलेला, हातात खंजिरी. सुरू न होणारी मोटारसायकल ढकलत सासुरवाडीला निघालेल्या माणसाचं गाणं. आवाज थोडा फाटका, पण बोलणं थेट निपाणीच्या बाजारातलं. ज्योतिबानं ते तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा त्याच्या मिशा हलल्या.

"ह्यो आपल्यातलाच दिसतोय," शिवलीला म्हणाली. "उद्या फोनला काय म्हणायचं?"

"गाणं."

"परत म्हणा."

"गाणं, गं! शाळंत घालतीस का काय मला?"

बसमध्ये तो पुटपुटतच होता. गाणं, गाणं, गाणं. शेजारच्या बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

चहाच्या सुट्टीत मशीनं थांबली. सगळे स्पीकरखाली जमले. मंजुनाथनं टाळ्या पिटायला सुरुवात केली. "होस हाडु! होस हाडु!" गुंडू त्याहून मोठ्यानं.  ज्योतिबानं माइक दाबला, घसा खाकरला आणि म्हणाला, "काल ऐकलेलं हाडु लाव!"

स्पीकर दणाणला. "नमस्कार मंडळी! चालताना हाडं कुरकुरतात का मंडळी?"

एका डॉक्टरीणबाईंचा टवटवीत, पुणेरी आवाज. ज्योतिबानं फोनवर झडप घातली.

"आफ माडबेड! बंद करू नको!" हे गुंडू ओरडला. तो एका पायावर उभा होता आणि दुसरा गुडघा चोळत होता. "मंडी म्हणाली ती! मंडी नोवु!"

कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा आणि नोवु म्हणजे दुखणं. बाई दर वाक्याला 'मंडळी' म्हणत होत्या आणि शेडला दर वाक्याला गुडघा ऐकू येत होता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांची शेड ती. सगळे स्पीकरच्या आणखी जवळ सरकले.

"तसं न्हाई, मंडळी म्हणजे लोक..." ज्योतिबा सांगू लागला.

"लोकांचं राहू दे," मंजुनाथ म्हणाला. "पुढं काय म्हणते? सांग, सांग!"

काय करणार? बाई मराठीत सांगत होत्या आणि ज्योतिबा दात-ओठ खात ते कन्नडमध्ये सांगत होता. भिंतीला हात टेका. पाय जुळवा. टाचा वर. सगळ्यांनी टाचा उचलल्या. त्या भल्याथोरल्या माणसांची रांग चवड्यावर उभी राहून छताकडे बघू लागली.

"शनिवार तुझाच, अण्णा," मंजुनाथ धापा टाकत म्हणाला. "पण हाडु बेड. हीच लाव. मंडी अक्का."

गाणं नको! आठवडाभर फोनशी भांडून, बायकोचे टोमणे खाऊन आणलेलं गाणं नको! ज्योतिबाच्या डोक्यात काहीतरी तडकलं. त्यानं बाईंचा आवाज बंद केला आणि शांतपणे अंगठ्यानं फोन खालीवर सरकवायला लागला.

"अण्णा, टाचा खाली?" गुंडूनं विचारलं. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

"इरी. थांबा. अक्का अजून खाली म्हणाली न्हाई."

"पण ती बोलतच नाही!"

"विचार करायलीय."

कंबर गेली, मान गेली, नाचणी गेली. कुणीतरी 'अय्यप्पा' म्हणून कण्हलं. मंजुनाथचं तोंड लालभडक झालं होतं, पण गुडघ्याच्या आशेनं एकानंही टाच टेकवली नाही. आणि मग पिवळं फाटक दिसलं. ज्योतिबानं त्यावर बोट दाबलं.

खंजिरी कडाडली. मोटारसायकल ढकलणारा माणूस सासुरवाडीच्या वाटेला लागला.

"हां, आता खाली!"

सगळ्यांच्या टाचा धाडकन जमिनीवर आल्या. मंजुनाथ भिंतीला टेकून खाली बसला, पोटऱ्या दाबत ऐकत राहिला.

"हे होस हाडु?" गुंडूनं कण्हतच विचारलं.

"गाणं," ज्योतिबा म्हणाला. "गाणं म्हणायचं. म्हण."