थेल्माचं ‘व्हिश्ट’

इंग्लंडात डरहॅमकडच्या कोळशाच्या खाणगावांत माणसाला गप्प करायला एक शब्द आहे: ‘व्हिश्ट’. म्हणतात सगळेच, पण म्हणावा तो थेल्मानं. रडणाऱ्या नातवाला ती हळूच, लांबवून म्हणायची, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी आहे ना’. नवऱ्याला फाडकन म्हणायची, तेव्हा ‘पुरे झालं तुझं’. शेजारीण विधवा झाली तेव्हा तिचा हात धरून म्हणाली, ‘नाही बोललीस तरी चालेल’ अशा अर्थानं. आणि कामगार क्लबच्या स्टेजवरून म्हणाली, की उचललेले बियरचे ग्लास तसेच हवेत राहत. शनिवारचे कार्यक्रम तिच्याच हाती. माइक तिला लागत नसे. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

फक्त एकदा तिनं माती खाल्ली होती. क्लबची रीतच अशी, की खिम्याच्या गरम पेस्ट्या आल्या की गाणं कुणाचंही असो, मधेच थांबवून तसं जाहीर करायचं. म्हातारा कथबर्ट बायको गेल्यावर पहिल्यांदाच तिच्या आवडीचं गाणं म्हणत होता, आणि थेल्मानं सवयीनं हाक दिली, “पेस्ट्या आल्या!” सगळे उठून पळाले. कथबर्टनं टोपी उचलली आणि घर गाठलं. पुढे दोन वर्षं तो गायला नाही. थेल्माला ते सलत होतं.

शेवटी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

“शनिवारी गायचंय तुला.”

“पेस्ट्यांच्या आधी की नंतर?”

“टोमणे नकोत. या खेपेला मी आहे तिथं.”

“तेव्हाही तूच होतीस, बाई.”

“म्हणून तर या खेपेला मीच हवी!”

तो आला. तेच गाणं धरलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. खिम्याचा वास हॉलभर पसरला, खुर्च्या करकरल्या. क्लबचा अध्यक्ष नॉर्मन तिच्या शेजारून माइककडे निघालाच होता. थेल्मानं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, “व्हिश्ट.” हॉलला दरडावायचं ते नव्हे, नातवाला म्हणायची ते.

“अगं, गार होतील!” नॉर्मन कुजबुजला.

“होऊ देत.”

ते हलकं ‘व्हिश्ट’ हॉलभर ऐकू गेलं होतं; उठलेले पुन्हा बसले. शेवटच्या ओळीवर कथबर्टचा आवाज चिरकला. तो थांबला. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यानं तीच ओळ पुन्हा धरली आणि पुरी केली. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचेना. थेल्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

कथबर्टनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, नाक पुसलं आणि माइक जवळ ओढला.

“बसलात काय असे? पेस्ट्या आल्यात.”