आप्पांच्या जाळीवरचा पेरू

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते. 'उघड्यावर कचरा जाळू नका' या आमच्या नव्या पत्रकात 'जाळू' ठळक आलं होतं आणि 'नका' इतकं बारीक, की लांबून वाचणाऱ्याला आम्ही जाळायलाच सांगतोय असं वाटावं. त्यावरून छापणाऱ्याशी माझं भांडण चालू होतं आणि तेवढ्यात कमलकाकूंचा फोन. आवाज अगदी साधा. "आप्पा गेले गं. पहाटे झोपेतच." मी काय बोलले ते आता आठवत नाही. मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "कालची जाळी घासायची राहिलीय. उद्या घासतो म्हणाले... असं कधी केलं नव्हतं त्यांनी." रिक्षाने पाथर्डी फाट्याला जाताना वाटभर माझ्या डोक्यात त्यांची ती भाजायची, न घासलेली जाळीच होती. आदला दिवस रविवारचा. रविवारी संध्याकाळी मी आप्पांकडे असायचीच, पण त्या रविवारी आमची सभा होती म्हणून गेले नव्हते.

याला आता पाच आठवडे होऊन गेले. दहाव्याला एक गृहस्थ बोलले, की स्वतःला वास नाही, चव नाही, तरी निकम आप्पा दुसऱ्यांना भाजून खाऊ घालत होते, केवढा हा त्याग! मला संताप आला. लोक गेलेल्या माणसाला इतक्या पटकन गुळगुळीत का करतात? आप्पांनी त्याग-बिग काही केला नाही. त्यांना माहिती हवी होती. ते आम्हाला खाऊ घालायचे आणि मग उलटतपासणी घ्यायचे. नुसतं खाऊन, छान म्हणून, हात पुसणारा माणूस त्यांना परत बोलवावासा वाटत नसे. हे कुणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून लिहितेय. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. मी या माणसाशी एकदा खोटं बोलले होते, ते कबूल करायचं रोज उद्यावर टाकत राहिले आणि तेवढ्यात ते गेले. त्यांनी ते खोटं खरं मानूनच डोळे मिटले का, हे मला कळायला हवं होतं.

आमची ओळखच भांडणातून झाली. त्यांच्या रो-हाऊसच्या ओळीतून आमच्या पर्यावरण गटाकडे तक्रार आली होती, की मागच्या अंगणात एक म्हातारा रोज काहीतरी जाळतो. प्लास्टिकचा ढीग असणार असं गृहीत धरून मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून गेले. बघते तर लोखंडी ड्रम उभा कापून त्याला पाय जोडलेले, वर सळ्यांची जाळी, जाळीवर वांगी, ढोबळी मिरची, रताळ्याच्या चकत्या, अननसाचे काप आणि अर्धे कापलेले पेरू. पाठीमागे बनियन घातलेला एक उंच माणूस हातात चिमटा घेऊन वांग्याला कान लावल्यासारखा वाकलेला. मी माझं पाठ असलेलं सगळं म्हणून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "झालं? आता हा पेरू खा, मग भांड." आणि मी पहिला घास गिळायच्या आत, "कसं लागस?"

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. नाशकात नोकरीत उभा जन्म गेला, बाकी बोलणं शहरी झालं, पण हा एक प्रश्न ते कायम अहिराणीतच विचारायचे, आणि फार हरखले की आणखी एखादा शब्द तिकडचा निसटायचा.

"छान आहे," मी म्हटलं.

"छान तुझ्या पत्रकात लिही. इथं कसं लागतं ते सांग."

खिशातून वही निघाली. मी चिडून म्हटलं, "काका, विषय धुराचा आहे." त्यावर त्यांनी मान वर करून मला फार लक्ष देऊन विचारलं, "धूर येतोय? खरंच? कुठपर्यंत?" मला वाटलं, थट्टा करतोय हा माणूस. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या! पत्रक कट्ट्यावर आपटून मी निघाले. फाटकाशी त्यांच्या बायकोने, कमलकाकूंनी, मला गाठलं. "ते थट्टा नाही करत गं. त्यांना खरंच कळत नाही." मागे एकदा ताप आला, ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. खारट, आंबट, गोड, कडू, तिखट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. (वयाचं आहे! हे दोन शब्द फाडून फेकायला मला एक वेगळं पत्रक काढावं लागेल.) कामावरून आल्यावर फाटकातूनच आज कशाला फोडणी दिलीय ते सांगणारा माणूस सहा महिने जेवणावर नुसता बसून उठायचा. आणि मग एक दिवस जुन्या भंगारातून ड्रम घेऊन आला.

मला तिथेच प्रश्न पडला. ज्याला वास येत नाही त्याने गाणं शिकावं, गणित करावं. भाजणंच का? जिथे निम्मी गंमत वासातच आहे, तिथेच जाऊन का उभं राहावं? हे विचारायला म्हणून पुढच्या रविवारी गेले. "सांगतो, आधी हे खा," असं म्हणत त्यांनी ते दीड-दोन वर्षं लांबवलं. आणि मी जात राहिले.

धुराचं त्यांनी मी परत जायच्या आधीच मनावर घेतलं होतं. दुसऱ्या भेटीत अंगणात बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला काकूंच्या जुन्या साडीची पट्टी. नाकाला कळत नाही तर डोळ्यांनी बघायचं. पट्टी शेजारच्या खिडकीकडे फडफडली की त्या दिवशी ड्रम पेटायचा नाही. मागच्या मोकळ्या प्लॉटकडे वळली की कोळसे बाहेर. शेजारच्यांना खाली बोलावून, "आता येतोय? आता?" असं विचारत ड्रम तीनदा हलवला. तक्रार करणारे तेच होते. पुढे तेच भिंतीवरून विचारू लागले, "निकम साहेब, आज पट्टी काय म्हणते?" आणि भाजलेलं कणीस घेऊन जाऊ लागले.

एकदा पुतण्याने गावाकडून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पोतंभर आणून टाकल्या. अशा काड्यांच्या निखाऱ्यावर वांगं काय होतं म्हणून आप्पा लहानपणच्या आठवणीने हरखून गेलेले. मी उसळले. बागेवर किती फवारण्या होतात, त्या काड्या जाळून त्यावर अन्न भाजणार? पुतण्या म्हणाला, "ताई, तुम्ही द्राक्षं खाता ना? मग काड्यांनीच काय पाप केलं?" उत्तर देण्याऐवजी मी आवाज वाढवला. आप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि पोतं उचलून जिन्याखाली ठेवलं. मी जिंकल्यासारखी उभी. ते म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून नाही. मला माहीत नाही म्हणून." ते पोतं अजून जिन्याखाली आहे. नंतर त्यांनी दोन-तीन शेतीवाल्यांना विचारलं, दोघांनी दोन उत्तरं दिली, आणि वहीत त्या काड्यांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

वहीचं काय सांगू! काय भाजलं, कशावर, किती वेळ, आणि कसं लागलं. मोठे शब्द त्यांना चालत नसत. 'अप्रतिम' त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खोडला. मला सभेत बोलायची सवय, विशेषणांशिवाय वाक्य उभं राहत नाही, आणि इथे एक म्हातारा चिमटा रोखून म्हणतो, "अप्रतिम म्हणजे खारट की आंबट?" मी शिकले. भाजलेला अननस जीभ कातरत नाही, कच्चा कातरतो. केळं सालीसकट भाजलं की आत खिरीसारखं होतं आणि सालीजवळ किंचित तुरट राहतं. कलिंगड भाजू नये, ते ओल्या फडक्यासारखं लागतं. डाळिंब अख्खं ठेवलं तेव्हा ते फुटलं आणि काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जे काही झालं, त्यावर काकू काय बोलल्या ते छापता येणार नाही. वांगं कधी झालं हे ते कानाने ओळखायचे. "आधी फुसफुसतं. मग बोलायचं थांबतं. थांबलं की काढ." आणि शेवटी, जाळी तापलेली असतानाच, अर्धा कांदा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरला टोचून सळ्यांवरून खसाखसा फिरवायचा. चरचर आवाज, काळं सगळं कांद्याला चिकटून निघतं. उद्यावर ठेवलं तर घट्ट बसतं, म्हणायचे.

एकच घास ते मला आणि काकूंना वेगवेगळा विचारायचे, याचा मला राग यायचा. विश्वास नाही का? तेव्हा त्यांनी कारखान्यातलं सांगितलं. ते टूलरूममध्ये तपासनीस होते. सकाळी पहिला तुकडा मोजण्याआधी आपलं गेज, म्हणजे मोजायचं साधन, मास्टरवर लावून बघायचं. मास्टर म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा तुकडा. गेज त्यावर चुकलं तर दिवसभराची सगळी मापं चुकणार. "गेजवर राग नाही धरायचा. तपासायचं आणि कामाला लागायचं."

आता ते खोटं. गेल्या जानेवारीतली संध्याकाळ, जाळीवर रताळी. आप्पा एकदम थांबले, चिमटा हातातून कट्ट्यावर ठेवला. "थांब... वास आला."

"कसला?"

"जळका. रबर जळल्यासारखा. येस का तुला?"

काही नव्हतं. हवा स्वच्छ होती, रताळ्यांचा गोडसर वास तेवढा. जळत काहीच नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं बंद असलेल्या दारावर आतून कुणी टकटक केल्यावर होईल तसा. आणि मी, सभेत दुसऱ्यांना खोटारडे म्हणणारी मी, म्हणाले, "हो आप्पा. येतोय."

"खरंच?"

"हो. जळकाच आहे."

"कमल!" ते ओरडले. काकू हात पुसत बाहेर आल्या, नाक वर करून हुंगलं, माझ्याकडे बघितलं. मी ड्रमकडे बघत राहिले. "चहा ठेवते," म्हणून त्या आत गेल्या. आप्पांनी वहीत लिहिलं, तारखेसकट.

घरी गेल्यावर मी वाचलं, की नाक गेलेल्यांना कधीकधी नसलेले वास येतात, बहुतेक जळकेच. म्हणजे त्यांना वास आला हे खरं होतं, हवेत मात्र तो नव्हता, आणि मी त्यांना चुकीचं माप दिलं होतं. पुढच्या रविवारी सांगायचं ठरवून गेले. तर गेल्या गेल्या आप्पांनी वांग्याचा तुकडा पुढे केला. चेहरा गंभीर. "कसं लागस? नीट सांग." मी तोंडात टाकलं आणि थुंकलं. "राख खातेय मी! कडू आहे, अळणी आहे, आणि हे तुम्ही मला मुद्दाम दिलंय." आप्पा इतके हसले की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं. "बेस शे," म्हणजे चांगलं आहे, म्हणाले आणि लिहून घेतलं. त्या हसण्यात माझं सांगायचं राहिलं. मग पुढच्या रविवारीही राहिलं, आणि त्यापुढच्या सगळ्या रविवारीही...

गेल्या रविवारी काकूंनी बोलावलं. वही त्यांनी मला दिली. मी उभ्या उभ्याच जानेवारी शोधला. 'वास आला, जळका. पत्रकवालीनेही सांगितलं.' त्याखाली वेगळ्या पेनने, 'कमल म्हणते नव्हता. मग पोरीने हो का म्हटलं?' आणि पुढच्या पानावर, 'गेज तपासलं. पूर्ण करपलेलं, बिनमिठाचं वांगं दिलं. बरोबर दाखवते.'

मी काकूंकडे पाहिलं. "मी त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही बोलवलं खोटं. मला वाटलं, मोडून पडतील. तर म्हणाले, पोर कधी खोटं बोलत नाही, आज बोलली, माझा चेहरा कसा झाला होता गं तेव्हा? मी म्हटलं, लहान पोरासारखा. तर हसायला लागले."

म्हणजे त्यांना माहीत होतं. करपलेलं वांगं हा माझा मास्टर होता. त्यानंतरही प्रत्येक रविवारी त्यांनी माझंच माप धरून वही भरली. भाजणंच का, याचं उत्तर मात्र वहीत कुठेच नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही नाही सांगितलं. कांदा घासताना मात्र दर वेळी नाक अगदी जाळीजवळ नेऊन श्वास ओढून घ्यायचे. तुझं लक्ष गेलं नाही कधी?"

नव्हतं गेलं.

शेवटचं पान त्या रविवारचं, माझी सभा होती तो. 'पेरू. लाकडी कोळसा. सहा मिनिटं.' आणि शेवटचा रकाना कोरा. काकूंना त्यांनी विचारलंच नव्हतं. "म्हणाले, ती येईल तेव्हा परत भाजू."

मग आम्ही दोघींनी ड्रम पेटवला. पट्टी प्लॉटकडे होती. जाळी अजून तशीच, पाच आठवड्यांची, आणि कट्ट्यावर स्क्रू-ड्रायव्हरला अर्धा कांदा सुकून कागदासारखा झालेला. तो काढून नवा टोचला, तापलेल्या सळ्यांवरून फिरवला, बराच वेळ लागला, उद्यावर ठेवलं की घट्ट बसतं. चरचर झाली तेव्हा मी नाक जवळ नेऊन श्वास ओढून घेतला. पेरू घड्याळ लावून सहा मिनिटं ठेवला. मी घास घेतला आणि काकूंनी, ज्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं, विचारलं, "कसं लागस?"

पेन घेऊन कोरा रकाना भरला. 'वरून गोड. आत करकरीत. बियांजवळ तुरट. साल थोडी करपली, ती माझी चूक. कांद्याचा वास लागलाय. धूर डोळ्यांना झोंबतो.'